'वाचाच' नावाचा कॉलम: इंदूरच्या आमच्या वाचनगटाचं प्रकरण

तर प्रकरण असं की दहा-बारा माणसं दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी रामबागेत एका मावशींच्या हॉलमध्ये जमत होती, जीरावन (इंदुरी मसाला) टाकलेले पोहे खात होती, एकमेकांना पुस्तकं सुचवत होती आणि आठ महिने जवळजवळ कोणीच कोणाचं सुचवलेलं पुस्तक वाचत नव्हतं. भांडण नाही, कंटाळा नाही, हजेरी उत्तम. मला हे कळलं कारण वही माझ्याकडे असते. मी एका कॉलेजात अकाउंट्स बघते, त्यामुळे कोणी काही बोललं की लिहून ठेवायची खोड आहे, आणि लिहिलेलं जुळलं नाही की झोप न लागायची पण आहे.

आधी माणसं. नावं नाही टाकत, सगळे ओळखीचे आहेत आणि दोघं तर माझ्याच गल्लीतले. महूचे आबा, रेल्वेतून रिटायर, वाचन अफाट. ज्यांच्या घरी बसतो त्या मावशी. एक ताई, शाळेत हिंदी शिकवतात, मराठी घरचं. राजेंद्रनगरचं एक जोडपं. एक पोरगा, वय चोवीस, सॉफ्टवेअरवाला, घरी मराठी बोलतो पण शाळा सगळी इंग्लिश आणि हिंदीत, त्यामुळे मराठी वाचणं म्हणजे नवीन सायकल, ळ दिसला की ब्रेक. बाकी मी आणि येऊन-जाऊन असलेले पाच-सहा.

इंदुरात मराठी पुस्तकाची गंमत पुण्यावाल्यांना समजणार नाही म्हणून सांगते. खजूरी बाजारात गाईडं, कोर्सची पुस्तकं, हिंदी कादंबऱ्या, पाहिजे ते मिळेल, मराठी कादंबरी मात्र मिळाली तर नशीब. मराठी पुस्तक इथे येतं ते कोणीतरी पुण्याहून रात्रीच्या गाडीने येताना चिवड्याच्या पिशवीखाली घालून आणतं म्हणून. ऑनलाइन मागवता येतंच की, पण आमची निम्मी मंडळी पुस्तक हातात घेऊन वास घेतल्याशिवाय पैसे काढत नाहीत. म्हणजे गावात एका पुस्तकाची एकच प्रत असते असं धरून चाला, पुढे हे लागणार आहे. तसं म्हणाल तर गाव काही साहित्यात मागे नाही, साहित्य संमेलनं तीन झालीत इथे, 1917, 1935 आणि 2001. 2001 चं विजया राजाध्यक्ष अध्यक्ष होत्या तेव्हाचं. त्या मांडवाचं आबा अजून असं सांगतात जसं काय कालच तंबू उठलाय.

वहीत दोन कॉलम होते. पहिला 'सध्या काय वाचताय', दुसरा 'वाचाच'. पाडव्याला सुरू केलं तेव्हा फार विचार नव्हता केला, पहिल्यात हातातलं पुस्तक, दुसऱ्यात शिफारस, इतकंच. दुसरा कॉलम भराभर भरायचा. आबा एकटेच दर वेळी तीन-चार पुस्तकं लिहवून घ्यायचे, डॉक्टर गोळ्या लिहून देतात तसं, हे सकाळी ते रात्री. सगळे माना डोलवायचे, दोघं-तिघं मोबाइलात फोटो काढायचे वहीच्या पानाचा. त्या फोटोंचं पुढे काय होतं ते आपल्याला सगळ्यांनाच माहितीये.

दिवाळीच्या फराळानंतर एका रात्री मी हिशेब लावला. 'वाचाच'मध्ये 53 नोंदी, 'सध्या'मध्ये 47. मग एकेकाला फोन करून विचारलं की वहीतलं दुसऱ्या कोणाचं पुस्तक उचललंत का, आणि 'वाचलं' म्हणजे निदान सुरू केलं आणि त्यावर दोन वाक्यं बोलता येतील इतकं तरी. 'वाचाच'मधली तीन निघाली. त्यातली दोन राजेंद्रनगरच्या जोडप्याची, म्हणजे नवऱ्याने सुचवलेलं बायकोने वाचलं आणि बायकोने सुचवलेलं नवऱ्याने, ते धरायचं की नाही यावर ताईंचं आणि माझं वाजलं. 'सध्या'मधली अकरा. मी दोनदा मोजलं.

आता गंमत बघा, 'सध्या'मधल्या पुस्तकांची कोणी शिफारस केलीच नव्हती. लोक फक्त सांगत होते की मी हे वाचून राहिलोय, इथपर्यंत आलोय, आणि बरेचदा तक्रारच करत होते. मावशी तर एका पुस्तकाबद्दल म्हणाल्या होत्या की ह्या बाईचा नवरा मला अजिबात आवडत नाहीये पण सोडवत पण नाही. ते पुस्तक म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. आता नवऱ्याच्या, म्हणजे रेव्हरंड टिळकांच्या, संतापाबद्दल आणि घर सोडून जाण्याबद्दल लक्ष्मीबाई जे हसत हसत लिहून जातात ते ऐकून हॉलमधल्या चार बायका एकदम बोलायला लागल्या, प्रत्येकीकडे आपापल्या घरातलं एक उदाहरण. पुढच्या महिन्यात त्यातल्या दोघींनी ते पुस्तक मागून नेलं. आणि हेच पुस्तक आबांनी पहिल्याच बैठकीत 'वाचाच'मध्ये घातलं होतं! मराठीतलं श्रेष्ठ आत्मचरित्र म्हणून, पाच मिनिटं बोलले होते, सगळं बरोबरच बोलले होते. एकानेही मागितलं नव्हतं.

ह्या एकाच नोंदीने माझं डोकं चालू झालं. पुस्तक तेच, माणसं तीच, मग फरक काय?

ताई म्हणाल्या, सोपं आहे, मावशींचं पुस्तक समोर टेबलावर होतं, आबांचं पुण्याला भावाकडे. 'वाचाच'मधली बहुतेक पुस्तकं लोकांनी वीस-वीस वर्षांपूर्वी वाचलेली, प्रत कुठेय त्यांनाच माहीत नाही. मुद्दा पटण्यासारखा होता, म्हणून मार्गशीर्षात आबांना सांगितलं की फक्त हातात आणता येतील तीच सुचवा. आबांनी पाच आणली, कव्हरं घातलेली, आत खुणेला पिंपळाचं पान वगैरे. टेबलावर मांडली. एक कोणीतरी नेलं, आणि महिन्याने परत आलं ते बावीस नंबरच्या पानावर हळदीचा डाग घेऊन. डाग बावीसला म्हणजे वाचन तिथपर्यंत तरी झालं असेल असं पोरगा म्हणाला. आबा हसले नाहीत. म्हणजे समोर असणं पुरत नाही.

मग माझं मत असं झालं, आणि अजून तेच आहे. ज्याने पुस्तक संपवलंय तो निकाल सांगतो. ज्याचं अर्धं झालंय तो अडलेलं सांगतो. निकाल ऐकून माणूस 'हो का, छान' म्हणतो आणि पोह्यांकडे वळतो, त्याला करायला काही उरतच नाही. अडलेलं ऐकलं की मात्र तोंड उघडतं, कारण प्रत्येकाला वाटतं आपल्याला कळेल ह्याला काय कळलं नाही ते. आणि दुसरं, संपवलेला माणूस तुमच्या डोक्यावर चारशे पानांचं काम ठेवतो, अर्ध्यावरचा म्हणतो चला ना माझ्यासोबत.

संपवलेल्यांचा अजून एक प्रॉब्लेम आहे, तो आमच्याकडे श्रावणात झाला. विश्राम बेडेकरांचं 'रणांगण', 1939 चं पुस्तक, केवढंसं आहे, दोन बैठकांत होईल. जर्मनीतून जीव घेऊन पळालेल्या ज्यूंना नेणारी बोट, आणि त्यावरचा एक मराठी माणूस आणि हेर्टा. एक सद्गृहस्थ इतक्या भरात येऊन बोलायला लागले की शेवटावर जाऊनच थांबले. शेवट! पोरगा नुकताच ते हातात घेऊन बसला होता, त्याने गुपचूप टेबलावर परत ठेवलं. मी त्यांना नंतर म्हटलं की अहो काका, असं कसं, तर म्हणे शेवटामुळेच तर ते पुस्तक मोठं आहे, मग दुसरं काय सांगू? बरोबर आहे त्यांचं पण. संपवलेल्या माणसाला शेवटच आठवतो.

बरं, मग 'सध्या'वालीच पुस्तकं पुढे जाऊ द्या की, असं वाटेल. तिथे आमची एका प्रतीची अडचण आडवी येते. ज्याचं पुस्तक अर्ध्यावर आहे त्याच्या तोंडून ऐकून दुसऱ्याला हवंसं वाटतं, पण पुस्तक तर त्याच्या हातात, तो देणार कसा. तो संपवेपर्यंत महिना जातो, तोवर मागणाऱ्याचा ताव उतरतो, आणि संपवणारा आता निकाल सांगायला लागलेला असतो. म्हणजे पुस्तक द्यायला मोकळं होतं तेव्हाच नेमकं बेचव होतं. वहीत मला अशा सहा जागा सापडल्या, 'मला द्या' असं लिहिलेलं आणि पुढे काहीच नाही.

ह्यावर तोडगा पोरग्याने काढला. म्हणाला, भिया (तो सगळ्यांनाच भिया म्हणतो, मावशींना सोडून), एकाच प्रतीत तीन खुणा टाकू की. एकाचं संपायची वाटच नाही बघायची, आठवड्यात फिरवायचं, तिघांनी तीन जागांवर असायचं.

पुस्तक निवडलं 'माझा प्रवास'. निवडलं म्हणजे मावशींचं ते तेव्हा चालू होतं, दुसरं कारण नाही. विष्णुभट गोडसे, पेणजवळच्या वरसईचे भिक्षुक, घरावर कर्ज, ग्वाल्हेरच्या राजघराण्यातल्या बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल ऐकून काकांबरोबर निघाले, आणि निघाले ते नेमके 1857 मध्ये. पुढे झाशीच्या वेढ्यात आतच सापडले. मावशी तेव्हा महूच्या आसपास पोचल्या होत्या, म्हणजे पुस्तकात, जिथे ह्या ब्राह्मणांना शिपाई भेटतात आणि काडतुसांचं ऐकायला मिळतं. आता महू म्हणजे आमच्यासाठी काय, सिटी बसने जाऊन दुपारी परत. महूची पलटण 1 जुलैला उठली हे आबांना तोंडपाठ, ते लहानपणापासून तिथे राहिलेले. पण आबांनी पुस्तक आधीच दोनदा वाचलेलं, म्हणून त्यांच्यावर नियम घातला की आधी पोचलेल्याने तोंड उघडायचं नाही. कुठे पोचलात, काय अडलं, पुढे काय होईल वाटतं, एवढंच बोलायचं. तीन महिने आबा गप्प बसले. मला वाटतं त्या गटात सगळ्यात मोठा त्याग तोच.

हातबदल मंगळवारी आणि शनिवारी, पोह्याच्या ठेल्यावर. मावशींची खूण राखीच्या रेशमी दोऱ्याची, ताईंची जुन्या पेपरची पट्टी, पोराची बसचं तिकीट. पहिले दोन आठवडे गोंधळ, ताईंनी मावशींचा दोरा चुकून पुढे सरकवला आणि मावशी म्हणाल्या अगंबाई, हे ग्वाल्हेरला कधी पोचले? पोराला भाषा जड गेली. भटजींची जुनी मराठी, वाक्यं लांबच लांब, त्यात सोवळं-ओवळं, अग्निहोत्र, होमहवन. तो फोन करून विचारायचा मावशींना, आणि मावशी अर्धा अर्धा तास सांगायच्या. मला आधी वाटलं होतं हा सोडणार. पण त्याने सोडलं नाही, कारण पुस्तक मंगळवारी द्यायचं असतं आणि समोरचा विचारतो कुठे आलास. लाज हा पण एक पेट्रोल आहे.

मग माघात मजा झाली. राजेंद्रनगरच्या वहिनींच्या बहिणीने पुण्याहून 'माझा प्रवास'ची दुसरी एक प्रत पाठवली, वहिनी उत्साहाने सामील झाल्या, आणि पहिल्याच रविवारी दोघींचं जुळेना. मावशी एक प्रसंग सांगतात, वहिनी म्हणतात असं नाहीये माझ्यात. मावशींच्या पुस्तकात दोन ओळी, वहिनींच्यात अख्खा परिच्छेद, शब्दही वेगळे. मावशींना वाटलं वहिनी न वाचता बोलून राहिल्यात. वहिनींचा चेहरा पडला. शेवटी दोन्ही पुस्तकं शेजारी उघडून बसवलं, तेव्हा कळलं की भांडण बायकांचं नाहीच, पुस्तकांचंच आहे. गोडसे भटजींनी हे लिहिलं चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून, आणि वैद्यांनी 1907 मध्ये छापताना त्यात स्वतःचा हात फिरवला, भाषा बदलली, काटछाट केली. मूळ हस्तलिखितावरून छापलेलं पुस्तक आलं ते दत्तो वामन पोतदारांनी 1966 मध्ये काढलं तेव्हा. मावशींची प्रत वैद्यांच्या वाटेची, वहिनींची मूळ वाटेची. हे आबांना माहीत होतं. नियमामुळे बोलले नव्हते! वर आम्हालाच म्हणाले, तुम्हीच म्हणालात ना तोंड उघडू नका.

त्या दिवसानंतर 'माझा प्रवास' आमच्यात आणखी चौघांनी सुरू केलं, कोणी सुचवलं म्हणून नाही, दोन प्रतींत काय काय वेगळं आहे ते बघायला. एक काका तर लाल पेनाने यादी करून राहिलेत. झाशी लुटली तेव्हा तिथल्या ग्रंथसंग्रहाची जी वाताहत झाली तो भाग ताईंनी मोठ्याने वाचला, आणि पुस्तकं जमवायला जमलेल्या लोकांना तो ऐकताना काय वाटलं ते मी लिहीत नाही, पोहे मात्र गार झाले.

आता जे नाही जमलं ते पण लिहिते, नाहीतर हिशेब खोटा. ह्याच काळात आम्ही दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' घेतलं. दुर्गाबाई जन्मल्या इंदूरला, 1910 मध्ये, हे कळल्यावर सगळ्यांनी हात वर केले, इंदूरची लेक म्हणून अगदी उमाळा. 1956 चं पुस्तक, एकेका मराठी महिन्यावर एकेक लेख, म्हटलं महिन्याला एक वाचू, सोपं. वाचलं दोघांनी. गावाच्या अभिमानाने हात वर होतो, पान उलटत नाही, हे माझ्या वहीत लिहून ठेवलंय. पुण्याच्या एका पाहुणीने तर 'वसंतहृदय चैत्र' ऐकल्याबरोबर तोंड वाकडं केलं, शाळेत धडा होता म्हणे, प्रश्नोत्तरं पाठ केली होती. आमच्या पोराला तो धडा कधी नव्हताच, त्याने कोरा वाचला आणि गच्चीवरून झाडांचे फोटो पाठवायला लागला. दोघांतला एक तो. दुसरी मी.

पोराबद्दल अजून एक, विषयाबाहेरचं असेल. ताई शरच्चंद्र मुक्तिबोधांच्या 'नवी मळवाट'मधल्या कविता वाचत होत्या, 'सध्या'त लिहिलं होतं. पोरगा म्हणाला मुक्तिबोध तर हिंदीवाले ना, तेव्हा त्याला कळलं की हिंदीतले गजानन माधव मोठे भाऊ आणि मराठीत लिहिणारे शरच्चंद्र धाकटे, घर एकच, घरात भाषा मराठी. तो दोन मिनिटं गप्प आणि मग म्हणाला, म्हणजे असं चालतं? आपण सगळे इथे हिंदी-मराठी मिसळून बोलतो आणि पुण्याला गेलो की लोक हसतात, त्यामुळे त्याला ते कुठेतरी लागलं असावं. त्याने ताईंना लगेच पुस्तक मागितलं. ताईंचं अर्धं बाकी होतं. ताईंनी त्यात पण दुसरी खूण घातली.

पाडव्याला पुन्हा मोजलं. चार महिन्यांत फिरवून वाचलेली पुस्तकं पाच, त्यातली दोन अर्ध्यात सुटली, एक हरवून सापडलं (रिक्षात). 'वाचाच'मधून ह्या काळात वाचलेलं, एकही नाही. मी म्हटलं हा कॉलमच काढून टाकू. मतदान घेतलं तर आबांनी कडाडून विरोध केला, म्हणाले मी काय वाचलं ते लिहायला मला एक जागा पाहिजे, तुम्ही वाचा नाहीतर नका वाचू. मग ठेवला. आता त्यांच्या ओळी मी आधीपेक्षा नीट अक्षरात लिहिते. एक बदल फक्त केलाय, त्यांनी पुस्तक सांगितलं की मी विचारते, आबा, पहिल्यांदा वाचताना तुम्ही कुठे अडला होता? बरेचदा आठवत नाही त्यांना. आठवतं तेव्हा मात्र लोक पोह्यांवरून मान वर करतात.

'माझा प्रवास'ची मावशींची प्रत फिरून फिरून खिळखिळी झाली, मागच्या आठवड्यात बाइंडिंगला दिली. बाइंडर म्हणाला, "निशान तो सब गिर जाएँगे मैडम, पन्ना नंबर लिख लो." म्हणून वहीत लिहिलंय: मावशी 131, ताई 118, पोरगा 84, आणि खाली एका खुणेचा मालक सापडत नाहीये, लग्नाच्या पत्रिकेचा तुकडा आहे, पान 40.